बाबांच्या खोलीतले व्हेनिसकर

तुम्ही माझ्या घरात राहायला आलात ते कुणालाही न विचारता आलात, म्हणून आधी तेवढं बोलून घेते. आमच्याकडे पाहुणा आला की तांब्याभर पाणी देतात, दोन दिवस राहिला तर गोडाधोडाचं करतात, आणि महिना झाला तरी हलला नाही तर त्याच्यादेखत भांडी आपटायला लागतात. माझी भांडी आपटून झाली. तुम्ही हलला नाहीत. मरून शेकडो वर्षं झालेल्या माणसाशी कसं बोलतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. पण तुम्ही आमच्या केडगावच्या दोन खोल्यांत, माझ्या वडिलांच्या पलंगावर, माझ्या वडिलांच्या अंगात बसून माझ्या हातचा मऊ भात खाल्लात, तेव्हा अहो-जाहो करण्यापलीकडे मी तुम्हाला काही मान देईन असं समजू नका. तुमचं नाव बाबांना पाठ होतं, खणखणीत म्हणायचे. मला ते धड म्हणता येत नाही, आणि चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं.

बाबा पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. तुम्ही तिथूनच तर आलात. दिवाळी झाली की वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायची, आणि उरलेल्यांना पाणी म्हणजे टँकर एवढंच ठाऊक. समुद्र बाबांनी स्वतःही कधी पाहिला नाही. शाळेची सहल कोकणात गेली तेव्हा त्यांना ताप होता, पुढच्या वेळी पैसे नव्हते, मग तो विषयच निघेना. पण पुस्तकात तुमच्या पाण्यावरच्या शहराबद्दल, व्हेनिसबद्दल, चार ओळी होत्या आणि त्या चार ओळींवर या माणसाचा जीव जडला. नगरच्या वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणायचे, एस.टी.त उभ्याने वाचायचे. त्यातच कुठेतरी तुम्ही, त्या शहराने निवडून दिलेले प्रमुख, त्यांना सापडलात. त्यांची शिकवायची एक तऱ्हा होती. तास सुरू झाला की लाल शाल खांद्यावर घ्यायची, खुर्चीत ताठ बसायचं आणि म्हणायचं, "मी व्हेनिसचा पहिला नागरिक. विचारा." शाल अंगावर असेपर्यंत त्यांना सर म्हणायचं नाही, हा नियम. पोरं वाट्टेल ते विचारायची. "तुमच्याकडं बैल कुठं बांधत्यात?" "आमच्याकडे बैल नाहीत. आम्ही दाराशी होड्या बांधतो." "आन् समुद्राशी लगीन लावता, ते खरं हाय का?" "खरं आहे. दरवर्षी मी भर पाण्यात जाऊन अंगठी टाकतो." "सोन्याची? मग कुनी बुडी मारून काढत न्हाई व्हय?" वर्ग खदाखदा हसायचा. बाबा हसायचे नाहीत. घंटा झाली की शालीची घडी घालायचे, "आता मी परत तुमचा मास्तर," असं म्हणायचे आणि लगेच आमच्या घरच्या बोलीत, "चला रं, पळा."

मी त्याच वर्गात होते. मला त्या तासाची भीती वाटायची, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीच्यांना गंमत वाटायची, कारण त्यांचे वडील शेतात किंवा उसाच्या फडात होते. माझे वडील समोर बसलेले असायचे आणि त्यांची नजर बाकांवरून फिरत माझ्यापाशी यायची आणि तशीच पुढे जायची. सकाळी ज्याने माझ्या वेणीची रिबीन बांधली तो माणूस मला ओळखायचा नाही. एकदा घरी येऊन मी रडले तर म्हणाले, "आगं येडी, सोंग आसतंय ते. घंटा झाली का संपलं." मी म्हणाले, घंटा झालीच नाही तर? त्यावर ते काय म्हणाले ते मला आठवत नाही. बहुतेक हसले असतील.

त्यांना तुमच्या थाटापेक्षा तुमच्यावरची बंधनं जास्त आवडायची. पद मरेपर्यंतचं, पण सल्लागारांना विचारल्याशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आलेलं पत्र एकट्याने उघडायचं नाही, सल्लागार समोर हवेत. थकलो म्हणून पद सोडायचं तर तेही आपल्या मर्जीने नाही, त्यांनी हो म्हटलं तरच. पोरं म्हणायची, मग ह्यो कसला राजा? बाबा टेबलावर हात आपटून म्हणायचे, "राजा नाहीच. धडा तोच आहे."

आई गेली आणि मी त्यांना केडगावला माझ्याकडे आणलं. मी सुप्याला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सकाळी कंपनीची बस येते ती संध्याकाळीच परत सोडते. दिवसभर त्यांच्यापाशी एक मावशी असतात, पाथर्डीकडच्याच, उभी उमर उसाच्या फडावर काढलेल्या, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. बाबा आधी चष्मा विसरायला लागले, मग जेवलो की नाही ते, मग आई गेली हे. रोज नव्याने सांगायचं आणि रोज नव्याने त्यांचं तोंड बघायचं, यापेक्षा अवघड काम मी केलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, जुन्या वस्तू दाखवा, जुन्या गोष्टी बोला. मग मी ट्रंकेतून ती लाल शाल काढली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. ते लगेच ताठ बसले. डोळ्यांत जान आली. "विचारा," म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी खाली बसून त्या पोरांसारखे प्रश्न विचारत सुटले, बैल, होड्या, अंगठी, सगळं. मावशी दारातून बघत होत्या. बऱ्याच वेळाने मी शाल काढली, घडी घातली आणि वाट बघत बसले, की आता म्हणतील, आता मी परत तुमचा मास्तर. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "आपण माझ्या सल्लागारांपैकी का?"

शाल तेव्हापासून ट्रंकेत आहे. तुम्ही बाहेरच राहिलात.

सर म्हटलं की तुम्ही चिडायचात, म्हणून मावशींनी स्वतःच 'सरकार' सुरू केलं. "सरकार, गोळी घ्या." "सरकार, कूस बदला." ते तुम्हाला पटलं. घरात सल्लागार दोन, मी आणि मावशी. विजेचं बिल आलं तरी पाकीट आम्हा दोघींच्या समोर फोडायचं, मावशींना वाचता येत नाही तरी त्यांनी बघून मान हलवायची. शेजारच्यांना मी हे हसत सांगायचे. मग एकदा मी कामावरून आले तर मावशी ओट्याशी उभ्या होत्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, त्येंच्या पायाला बगा जरा. दिसभर पान्यात उभं ऱ्हायल्यावानी झाल्यात." मी चादर बाजूला केली. तळपाय पांढरे पडलेले, सुरकुतलेले, बोटांच्या बेचक्या फुगलेल्या. अंथरूण कोरडं ठाक होतं. डॉक्टर म्हणाले, वयामुळे कातडी अशी होते. पुढे त्यांच्या खोलीच्या भिंतीला, घोट्याएवढ्या उंचीवर, चारी बाजूंनी पांढरी रेघ उठली. मिस्त्री म्हणाला बोअरचं खारं पाणी आहे, ओल चढते, क्षार बाहेर येतो. शेजारच्या खोलीत का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, येईल. अजून आलेली नाही. मावशींनी ती रेघ पुसून पाहिली, बोट जिभेला लावलं आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तुम्ही बोलायला लागलात तेव्हा मी आधी ऐकून सोडून द्यायचे. बाबांनी वाचलेलंच असणार सगळं. पण धुकं पडलं की होड्यांनी एकमेकींवर आदळू नये म्हणून काठावर घंटा कशी वाजवत ठेवतात, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी कुठल्या शेवाळलेल्या आणि कुठे भिंतीला धरायचं, हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. सांगताना तुमचा हात हवेतल्या भिंतीला चाचपायचा आणि नेमका एकाच ठिकाणी थांबायचा. आणि तुमची मुलगी. पुस्तकांत तुमच्या मुलीबद्दल काही असेल असं मला वाटत नाही, पण तुम्ही तिच्याबद्दल इतकं बोलायचात की मला, खरं सांगते, जळफळाट व्हायचा. माझ्या बापाच्या तोंडून दुसऱ्याच्या लेकीचं कौतुक. तिचे केस, तिचा हट्ट, तिला मासे नकोत. माझ्याकडे बघून म्हणायचं, "तुम्हाला अपत्य आहे का, सल्लागार?"

मग एका रविवारी दुपारी तुम्ही तिची एक गोष्ट सांगितलीत. सणाची गर्दी होती, मुलगी हातातून सुटली. तुम्ही धक्क्यावर वेड्यासारखे फिरलात. शेवटी ती सापडली एका रिकाम्या होडीत, नावाड्याच्या जागेवर, दोन्ही हातांनी वल्हं धरून. आणि वर तुम्हालाच रागावली, "इतका वेळ कुठे होता? मी निघणार होते." मी भाजी निवडत होते. माझे हात थांबले. कारण ती मी आहे. यात्रेची गर्दी होती, पाथर्डीच्या स्टँडवर माझा हात सुटला होता आणि मी एका रिकाम्या एस.टी.त ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन स्टेअरिंग धरून बसले होते. बाबांना बघून मी तेच बोलले होते, शब्द न् शब्द. त्यांनी मारलं नाही. ड्रायव्हर आला तेव्हा त्याला म्हणाले, "आमच्या ड्रायव्हरला जरा उतरवून घेता का?" आणि मला रेवड्या घेऊन दिल्या. म्हणजे मी आत कुठेतरी होते. तुमचे कपडे घालून, तुमच्या शहरात, पण होते. मी धावत पलंगापाशी गेले आणि म्हणाले, "बाबा, ती मीच. मी तुमची मुलगी."

तुम्ही पाय पोटाशी ओढून घेतलेत. माझ्याकडे नाही, माझ्या पावलांकडे बघितलंत, पुष्कळ वेळ. मग हळूच म्हणालात, "माझ्या मुलीला समुद्राने नेलं. तू ती असशील तर तुझे पाय कोरडे कसे?"

मी परत भाजी निवडायला बसले. तेव्हा अंगावर काटा आला असेल तर तो मला नंतर जाणवला. आधी जाणवला तो नुसता राग, की त्या मुलीला बुडवायचंच होतं तर निदान माझी आठवण तरी तिला द्यायला नको होती.

आता खरं ते सांगते. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. त्या रविवारानंतर एका सकाळी पाणी आलं होतं आणि मी मागच्या बाजूला ड्रम भरत होते. नळी निसटली, सलवारीच्या पायापर्यंत भिजले. तेवढ्यात खोलीतून ठसका ऐकू आला म्हणून तशीच अनवाणी धावले. ठसका थांबला होता. ते दाराकडे बघत होते. फरशीवर दारापासून पलंगापर्यंत माझी ओली पावलं उमटली होती आणि ती एकेक करून बघत त्यांची नजर वर आली. "आलीस व्हय गं?" म्हणाले. तुम्ही नाही. तुमची ती नाटकातली शुद्ध भाषा नाही. बाबा. "लई वाट बगाय लावलीस." आणि माझं घरातलं नाव घेतलं, जे आईनंतर कुणी घेतलेलं नाही.

मी पलंगावर बसले, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, रडले, हसले. काय काय केलं ते सगळं सांगत नाही. त्यांनी विचारलं, "खाल्लंस का काई?" मी म्हणाले, खाल्लं. "आन् तुजी आय?" मी म्हणाले, आई पुढं गेली, बाबा. आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काही तुटलं नाही. "व्हय, तिला लई घाई. बस थांबवून ठिवली आसंल तिनं," म्हणाले. मग माझा हात घट्ट धरून उठायला लागले. "चल मग, निगू. तुला समद्या वाटा ठाव्यात आता. तू म्होरं हो." मी म्हणत होते, हो बाबा, जाऊ ना, आणि म्हणता म्हणता माझ्या पायांना गार लागायला लागलं. आधी घोट्यांना. मग वर. डोळ्यांना फरशी दिसत होती, तिच्यावर माझी चार-सहा ओली पावलं, बाकी कोरडी. आणि पोटऱ्यांना पाणी लागत होतं, संथ, एका बाजूने येऊन दुसरीकडे जाणारं. त्यांनी श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. चेहरा इतका निवांत झाला होता की मी तो तसा शाळेच्या दिवसांनंतर पाहिला नव्हता. हात मात्र मला ओढत होता. त्यांच्या अंगात एवढा जोर उरला नव्हता हे मला ठाऊक होतं, रोज कूस मी बदलते.

मी हात सोडवून घेतला. गोधडीच्या टोकाने पाय पुसले, खसाखसा, बोटांच्या मधलेसुद्धा. उभी राहिले आणि मीटिंगमध्ये बोलतात तशा आवाजात म्हणाले, "सभा संपलेली नाही. आपल्याला जाता येणार नाही." त्यांनी खोल श्वास घेतला. डोळे उघडले. आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "क्षमा असावी, सल्लागार. मला वाटलं, माझी मुलगी आली."

त्या दिवसापासून तुम्ही जेवण सोडलंत. चमच्याने पाणी घेता, तेही मावशींनी सरकार सरकार केलं तर. डॉक्टर म्हणतात, आता त्रास देऊ नका, जे होईल ते होऊ द्या. पण काही होतही नाही. सगळं संपत आलेलं आणि माणूस अडलेला. रोज संध्याकाळी मी घरी आले की तुम्ही डोळे उघडता, मान माझ्याकडे वळवता आणि विचारता, "मला जायची परवानगी आहे का?" मावशींनी पहिल्याच दिवशी हात जोडले होते. "सरकार, माजी हाय. सुखानं जावा." मग तुम्ही माझ्याकडे बघता. मी म्हणते, उद्या विचार करू. पद्धत तुमचीच आहे, सल्लागारांनी हो म्हटल्याशिवाय सुटका नाही, आणि ती पद्धत या माणसाने आयुष्यभर टेबल आपटून शिकवली. काल मावशी दूध तापवता तापवता म्हणाल्या, "ताई, म्या येक सांगू का? तुमी रागवा पायजे तर. तुमी त्येंना अडवून धरलंय." मी म्हणाले, माहीत आहे. "मंग?" मी म्हणाले, मावशी, ते जाताना मला ओळखत नसतील. त्या सकाळचं मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "वळकून न्हेत हुते तवा तुमीच हात सोडवला ना."

ओळख हवी असेल तर मला बुडून मेलेली मुलगी व्हावं लागतं आणि पुढे होऊन त्यांना वाट दाखवावी लागते. नको असेल तर एका परक्या बाईने सभेत मान हलवायची आणि बापाला निरोप द्यायचा. मला दोन्ही नको. मला माझे वडील घटकाभर माझ्या वडिलांसारखे हवेत, कोरड्या पायांच्या जिवंत मुलीसमोर. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. मागणं एवढंच, की शेवटी तुम्ही थोडे बाजूला व्हा. तुमच्या शहरात लोक असतील, राजवाडे असतील, तुमची स्वतःची मुलगी असेल, आणि ती बुडाली हे खरं असेल तर मला तिचंही वाईट वाटतं. पण माझ्याकडे हे एकच माणूस आहे.

हे कुठे टाकणार नाही मी. तुम्हाला पत्र एकट्याने उघडायची मुभा नव्हती, आणि ज्यांच्यासमोर उघडायचं ते सगळे तुमच्याइतकेच जुने मेलेले. शिवाय हे वाचायला तुम्हाला डोळे लागतील ते बाबांचेच, आणि त्यांना आता अक्षर लागत नाही. एक मात्र मावशींनाही सांगितलेलं नाही ते लिहून ठेवते. रोज संध्याकाळी परवानगी विचारतात तेव्हाच ते माझ्याकडे वळतात, बाकी दिवसभर भिंतीकडे तोंड असतं. मी हो म्हटलं की तेही संपेल. आज त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. त्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू.